सात लग्नं, एक देग, शून्य पूर्णांक चार सेकंद

९ फेब्रुवारी, सोमवार
मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने रोजची नोंद ठेवावी. पुढे लोक विचारतात.

काम असं: विहाराच्या भांडी-खोलीचं आरक्षण ऑनलाईन करणे. काल समितीच्या बैठकीत मीच सुचवलं. अध्यक्ष नागसेनभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमी आदिलाबादच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता, मंग तुमीच करा." टाळ्या झाल्या. एकट्या अनुपनेच वाजवल्या, पण नवरा असून मनापासून वाजवल्या.

सध्याची पद्धत लिहून ठेवते, कारण ती लवकरच इतिहासजमा होईल. आमच्या लोकांत मुहूर्त बघत नाहीत, रजा बघतात. निम्मा समाज मास्तर, उरलेला क्लार्क, त्यामुळे सगळी लग्नं एप्रिल-मेच्या रविवारी. तीनशे माणसांचा भात एका वेळी शिजेल अशी देग गावात एकच. म्हणजे एका रविवारी एकच लग्न. खोलीची किल्ली तीस वर्षं आईंच्या, म्हणजे आमच्या सासूबाई चंपाबाईंच्या, कमरेला आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. म्हणून त्यांनी खोलीच्या भिंतीत ओळीने खिळे ठोकलेत. एक खिळा म्हणजे एक रविवार. लग्नघरच्यांनी घरातल्या कापडाची चिंधी आणायची, मोठ्याने नाव सांगायचं आणि चिंधी खिळ्याला अडकवायची. खिळा भरलेला असेल तर पुढचा खिळा. झालं आरक्षण!

सन २०२६ मध्ये चिंध्या!

मुदत: सात दिवस. पहिलं ऑनलाईन आरक्षण आमच्या पुतणीच्या, रूपाच्या लग्नाचंच करणार. ३ मे, रविवार.

११ फेब्रुवारी, बुधवार
कॉलेजने टाकून दिलेला कॉम्प्युटर विहारात आणला. आजपासून त्याला सर्व्हर म्हणायचं. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. वंदनेच्या वेळी बंद ठेवावा, असं नागसेनभाऊंनी नम्रपणे सुचवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
माझ्या निळ्या सिल्कच्या साडीचा कोपरा चार बोटं गेलाय. उंदीर! रूपाला दाखवलं तर ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली. आई म्हणाल्या, "असन एखांदा." या घरात कोणाला कशाचं काही नाही.

संकल्प: पिंजरा आणणे.

सर्व्हरचं काम नव्वद टक्के झालं. (मुदत उद्या संपते. ती वाढवली. मोठ्या कंपन्याही वाढवतात.)

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पिंजरा आणला. आत भाकरीचा तुकडा लावला.

२२ फेब्रुवारी, रविवार
पहिली चाचणी. पान उघडायला अकरा सेकंद! तरीही काम सुरक्षित होतं, कारण मी लॉक टाकलं होतं. एकाने आरक्षणाचा फॉर्म उघडला की तो भरून होईपर्यंत बाकीच्यांना 'कृपया थांबा' दिसणार. कोणाचाच कोणाला धक्का नाही.

नागसेनभाऊंनी पहिला फॉर्म उघडला आणि जेवायला गेले. जेवून आडवे झाले. अख्खं गाव अडीच तास 'कृपया थांबा' बघत बसलं. उठवायला माणूस पाठवला तर म्हणाले, "मले वाटलं कॉम्प्युटरच आपोआप करते."

आई विहाराच्या पायरीवर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "खिळ्याजवळ कोनी झोपत नाई वं, प्रतिभा."

टेक्नॉलॉजीत अशा टीकेकडे लक्ष द्यायचं नसतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
आज ऑप्टिमायझेशन केलं. तारखांवर इंडेक्स टाकला. वारंवार लागणारी माहिती मेमरीत ठेवली. सगळ्यांची यादी दाखवणारं पान फार वेळ खायचं, ते बंदच केलं. यादी कोण बघतं? आणि सगळ्या त्रासाचं मूळ जे लॉक, तेच काढून टाकलं.

अकरा सेकंदांवरून शून्य पूर्णांक चार! अनुपला मोबाईलवर दाखवलं. म्हणाले, "दाखव." म्हटलं, दाखवलं. म्हणाले, "अच्छा, झालं पण?" यालाच परफॉर्मन्स म्हणतात.

रूपाला बोलावलं. जाऊबाई गेल्या तेव्हा ही आठ वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याजवळच वाढली. बासरला इंजिनिअरिंग करून आता हैदराबादच्या कंपनीचं काम घरी बसून करते. शाबासकी देईल म्हणून कोड उघडून दिला. तर म्हणे, "काकू, इथे रेस कंडिशन होईल." म्हणजे काय, तर दोघांनी एकाच क्षणी बघितलं, दोघांनाही तारीख मोकळी दिसली आणि दोघांनीही बटण दाबलं, तर देग दोघांना जाईल. म्हणे लॉक फक्त लिहिण्याच्या क्षणापुरतं ठेव, नाहीतर एका तारखेला एकच नाव असा नियम डेटाबेसलाच सांगून टाक. एकच ओळ लागते.

मी शांतपणे समजावलं. ही काळजी लाखो लोक असतात तिथे. आपल्याकडे घरं पंचेचाळीस, लग्नं सात. दोन माणसांनी एकाच अर्ध्या सेकंदात बटण दाबायचं म्हणजे दोघांनी ठरवूनच दाबायला हवं.

ती एक ओळ नंतर टाकू.

२८ फेब्रुवारी, शनिवार
उद्या उद्घाटन. कार्यक्रम भव्य दिसावा म्हणून कल्पना सुचली. सातही लग्नघरच्यांनी मोबाईल हातात धरून उभं राहायचं, मी दहापासून उलटे आकडे मोजणार आणि शून्याला सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं!

फॉर्मवर ३ मे ही तारीख आधीच भरून ठेवली आहे. उद्या गडबडीत रूपाचं आरक्षण मलाच करायचं आहे, तेवढाच वेळ वाचेल. ज्यांना दुसरी तारीख हवी ते बदलतील.

आई दिवसभर गावात फिरत होत्या. या वयात एवढं ऊन बरं नाही, असं बोलले. "जरासं काम होतं," म्हणाल्या.

पिंजरा रिकामा. उंदीर हुशार दिसतो.

१ मार्च, रविवार
यश! यश! यश!

बरोबर दहा वाजता शून्य म्हटलं आणि सातही मोबाईलवर एका क्षणात 'अभिनंदन, आपले आरक्षण झाले' आलं. सर्व्हर डगमगला नाही. दरवर्षी दोन-तीन घरं तरी तोंड पाडून परत जायची. यंदा पहिल्यांदाच सगळ्यांना हवा तो रविवार मिळाला! एकही तक्रार नाही. सातांतल्याच एका लग्नघरची, नवरदेव सुरजची आई सुवर्णाताई तर हसतच होती. म्हणाली, "लयच सोपं हाय बाप्पा, नुसतं दाबाचं."

समितीला सांगितलं की खिळे आता काढायला हरकत नाही. आई म्हणाल्या, "काढू, काढू." घरी येऊन विचारलं त्यांनी, "दाबलं का वं समद्यायनं?" म्हटलं, सगळ्यांनी दाबलं. म्हणाल्या, "बरं झालं." आज एक भाकरी जास्त खाल्ली.

शेवटी त्यांनाही पटलं.

संकल्प: तत्त्व म्हणून यापुढे भांडी-खोलीत पाय ठेवायचा नाही. सगळं ऑनलाईन.

९ मार्च, सोमवार
कॉलेजात प्रिन्सिपल सरांना प्रकल्प दाखवला. 'चूद्दाम, चूद्दाम' म्हणाले. तेलुगूत याचा अर्थ 'बघू या'. म्हणजे बहुतेक ते नक्की बघतील.

२९ मार्च, रविवार
घोळ झाला.

नागसेनभाऊंनी फळ्यावर लावायला यादी मागितली. बंद केलेलं पान परत चालू केलं. सात नावं. सातही नावांपुढे ३ मे.

प्रथम वाटलं स्क्रीनचा दोष. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ३ मे. मोबाईलवर पाहिलं. ३ मे. सातही नोंदींची वेळ १०:००:००. सातही जणांना एकाच अर्ध्या सेकंदात तारीख मोकळी दिसली आणि सातही जणांना ती मिळाली.

दोघांनी ठरवून दाबायला हवं, असं मी म्हटलं होतं. सात जणांनी ठरवून दाबलं. ठरवलं मीच.

नागसेनभाऊंना सांगितलं, प्रिंटरची शाई संपली.

३० मार्च, सोमवार
रूपाच्या नवरदेवाच्या, पियुषच्या घरचे मंचेरियलहून दीडशे लोक घेऊन येणार. त्यांच्या रजा मंजूर झाल्यात. रूपाची तारीख हलूच शकत नाही. आदिलाबादच्या टेंट हाऊसला फोन केला, निर्मलच्या दोन दुकानांना केला. ३ मेला एवढी मोठी देग कोणाकडेच शिल्लक नाही. रविवार फक्त आमचाच नसतो, हे आज कळलं.

एक गोष्ट फक्त इथेच लिहिते. सात ओळींपैकी सहा पुसायला सहा सेकंद लागले असते. कोणाला कळलं नसतं. रूपाची ओळ पाचवी आहे, पहिली सुवर्णाताईची. बराच वेळ बोट बटणावर ठेवून बसले. रूपाला जाऊबाईंच्या मागे आणलं, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की प्रतिभा, तुला जमेल का. जमवलं. आणि आता तिच्या लग्नाच्या भाताची देग मी माझ्याच हाताने सात घरांना वाटली.

नाही पुसल्या. सुवर्णाताईनेही सुरजला एकटीनेच वाढवलंय.

चहा केला. साखर टाकायची राहिली. आईंनी तो तसाच संपवला.

३१ मार्च, मंगळवार
रडून काही होत नाही. योजना आखली.

एक देग, सात लग्नं, एक दिवस. पहिलं जेवण पहाटे पाचला, शेवटचं संध्याकाळी पाचला. प्रत्येकाला दोन तास. त्यात शिजवणं, वाढणं, घासणं आणि टेम्पो. अनुपला फक्त एवढंच विचारलं, की तीनशे माणसांचा भात किती वेळात शिजतो. म्हणाले, "शिजायच्या वेळात." वैज्ञानिक दृष्टीचा अभाव.

पहाटे पाचला मंगल परिणय कोण करणार, हा एक बारीक प्रश्न उरतो.

२ एप्रिल, गुरुवार
योजना दोन: लोकांना हळूच तारीख बदलायला लावणे. खरं कारण न सांगता.

सुवर्णाताईकडे गेले. म्हटलं, यंदा ३ मेला फार ऊन पडणार म्हणतात. तिने पदराने पाट पुसून मला बसायला दिला. म्हणाली, "उन्हाले का भेवाचं मॅडम, आपन आदिलाबादवाले." म्हटलं, पण तारखेचा फेरविचार? म्हणाली, "नाई बाई. आमचं पक्कं झालं हाय, आता काई हलत नाई." आणि वर शेवया बांधून दिल्या.

शेवया घेऊन येताना रस्ता फार लांब वाटला.

उरलेल्या पाच घरीही जाऊन आले. सगळीकडे ऊन, सगळीकडे पक्कं.

६ एप्रिल, सोमवार
चमत्कार! कोपऱ्यावरच्या रामाजींच्या नातीची पत्रिका आली. १२ एप्रिल! मी त्यांच्याशी चार दिवसांपूर्वीच उन्हाबद्दल बोलले होते. वरवर 'पक्कं' म्हणाले, पण मनात विचार केला असणार. एवढ्या झटपट पत्रिकाही छापल्या. माणसं बोलून दाखवत नाहीत, ऐकतात मात्र.

हलवलेली लग्नं: १. उरलेली: ६.

१० एप्रिल, शुक्रवार
आणखी दोन पत्रिका. १९ एप्रिल आणि २६ एप्रिल. मला वाटतं माझ्या बोलण्यात काहीतरी आहे.

आईंना विचारलं, की मी बोललेलं लोक एवढं मनावर घेतात, हे तुम्हाला माहीत होतं का. म्हणाल्या, "तुयावर जीव हाय वं समद्यायचा." इतकं सरळ त्या कधी बोलत नाहीत. मी भांडी घासायला घेतली.

१८ एप्रिल, शनिवार
सुवर्णाताईची पत्रिका! सुरजचं लग्न १० मे. 'काई हलत नाई' म्हणणारी बाई! १७ मे आणि २४ मेच्या पत्रिकाही आल्या.

हलवलेली लग्नं: ६. उरलेलं: १. आपलं.

म्हणजे सहा लग्नं मी फक्त उन्हावर हलवली. रूपाला हे सांगण्याचा मोह आवरला. तिला उगाच दडपण नको. ती म्हणाली, "काकू, ती एक ओळ टाकलीस का?" म्हटलं, काही गोष्टी कोडने नाही, माणुसकीने सोडवायच्या असतात. माझ्याकडे बघतच राहिली.

१ मे, शुक्रवार. बुद्ध पौर्णिमा
विहारात माझा सत्कार झाला. नागसेनभाऊंनी गुलाबाचं फूल दिलं. मी थोडं बोलले. म्हटलं, एकाच वेळी अनेकांनी एकाच गोष्टीवर हात टाकला की संघर्ष होतो. तो मी होऊ दिला नाही. कसा, ते सांगत नाही. पण सात लग्नं, एक देग आणि एकही भांडण नाही!

टाळ्या. सुवर्णाताईने तोंडाला पदर लावला होता. खांदे हलत होते. भावुक झाली असावी.

अनुप भिंतीकडे बघत होते.

२ मे, शनिवार. दुपार
उद्यासाठी भांडी आणायला गेलो. अनुप टेम्पोपाशी थांबले. मी तत्त्व बाजूला ठेवून आईंबरोबर आत गेले, कारण भात काढायच्या पराती, म्हणजे कोपर, आणि वाढायची ओगराळी मोजून घ्यायची होती. हातात प्रिंट काढलेली यादी.

खिळे जागेवरच.

एप्रिलचे तीन खिळे रिकामे. पुढच्या चार खिळ्यांवर चिंध्या. आईंनी बोटाने दाखवत सांगितलं. ही सुवर्णाची, दहा तारखेची. ही सतराची, ही चोवीसची. खिळे केव्हा भरले, असं विचारलं. म्हणाल्या, "थ्या बैठकीच्या आदीच भरले व्हते."

मग एक मार्चला सगळ्यांनी बटण का दाबलं? माझा आवाज जरा चढला असावा. आई देगीच्या काठावर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मीच घरोघरी सांगून आली. पोरीनं रातंदिस मेहनत केली हाय, जाऊन दाबजा म्हनलं. काय दाबाचं थे नाई सांगतलं. मलेच कोठं ठाव होतं?"

म्हणजे ऊन कोणीच मनावर घेतलं नव्हतं. सहापैकी एकही लग्न मी हलवलेलं नव्हतं. सुवर्णाताईचं पक्कं झालं होतं ते दहा मेचं, फेब्रुवारीपासून. काल तिचे खांदे का हलत होते, हेही कळलं.

आणि पहिली चिंधी. ३ मेच्या खिळ्यावरची. निळं सिल्क, चार बोटं.

मी तिला हात लावला. आई म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाची चिंधी मायच्या लुगड्याची लागते. रूपानंच कापली. तुले सांगू नको म्हने, काकूची चांगली साडी हाय, बोलन."

मी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. ओगराळी मोजली. सहा आहेत. पुन्हा मोजली. मग अनुप आत आले आणि म्हणाले की देग उचलायला चार माणसं लागतात, एकटीने मिठी मारून ती हलणार नाही.

३ मे, रविवार. संध्याकाळ
लग्न झालं. भात मोकळा शिजला. मंचेरियलच्या पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. पंगतीत सुवर्णाताईने सगळ्यांदेखत विचारलं, "काऊन मॅडम, ऊन नाई लागून राह्यलं ना?" आणि बायका पत्रावळीवर वाकून हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार!

निळी साडी नेसले होते. फाटलेला कोपरा आत खोचला नाही.

जाताना रूपा कानात म्हणाली, "ती एक ओळ."

घरी येऊन उंदराचा पिंजरा माळ्यावर टाकला. मग कॉम्प्युटर उघडला. सर्व्हरवर गेल्या महिन्याभरात आलेली माणसं: १. मीच. सहा चुकीच्या नोंदी काढल्या, रूपाची ठेवली, आणि ती ओळ लिहिली. एका तारखेला एकच नाव. लिहायला एक मिनिटही लागलं नाही. आईंच्या भिंतीत ती तीस वर्षं ठोकलेली आहे.

पण चालते की नाही हे बघायला दुसऱ्या कोणीतरी दाबायला हवं. अनुप खुर्चीतच झोपले होते. आई पायांना तेल लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आन, मी दाबतो. कोठं दाबू?"

मोबाईल त्यांच्या हातात दिला, बोट धरून बटणावर ठेवलं. ३ मे. त्यांनी दाबलं, जरा जोरातच.

स्क्रीनवर आलं: 'ही तारीख आधीच घेतलेली आहे.' मी वाचून दाखवलं.

"थे तं मले ठाव हाय वं," आई म्हणाल्या.